विश्वकिरणांचा ठावठिकाणा

नाशकास गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळाला जी मोठी घंटा टांगलेली आहे, ती मूळची आमच्या वसईची, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. इ. स. १७३९ त चिमाजीअप्पांनीं वसई सर केली, तेव्हां येथील पोर्तुगीजांच्या प्रार्थनामंदिरांतील घंटा मराठी सरदारांनीं विजयाची खूण म्हणून आपल्याबरोबर नेल्या. एक वाईजवळ मेणवलीस गेली, एक भीमाशंकरास गेली. आज ती घंटा कोणत्या देवळांत वाजते एवढ्यावरून ती कोठली हें कोणासहि सांगतां आलें नसतें; पण तिची घडण परकी आहे, अंगावर क्रूस आहे, आणि अशी खूण अंगावर असली म्हणजे मधली वाट कितीहि वांकडी असो, मूळ सांपडतें.

ज्या पाहुण्यांविषयीं आज आम्ही लिहिणार आहों, त्यांची वाट या घंटांच्या वाटेपेक्षां कितीतरी पट वांकडी आहे, आणि जन्मगांवाची खूण त्यांच्या अंगावर जवळजवळ नाहींच.

वाचकांनीं आपला तळहात आकाशाकडे करून एक मिनिटभर तसाच धरावा. तेवढ्या अवधींत त्यांतून शंभरेक सूक्ष्म कण आरपार जातात. हाताखालीं मेज असेल तर मेजांतून, त्याखालीं मजला असेल तर मजल्यांतून, ते पुढें जमिनींत शिरतात. दर चौरस सेंटिमीटरास दर मिनिटास सुमारें एक, असा हा हिशेब आहे. या कणांस म्यूऑन म्हणतात. आकाशांतून जे मूळ किरण वरच्या हवेवर येऊन आदळतात, त्यांच्या आघातांतून हे निपजतात. आणि ते मूळ किरण म्हणजेच विश्वकिरण. ही हकीकत आम्हीं घरांत प्रथम सांगितली तेव्हां काकूंनीं विचारलें, "मग यानें कांहीं अपाय तर होत नाहीं ना?" आणि आमच्या पुतण्यानें विचारलें, "पण काका, ते येतात कोठून?" काकूंचें समाधान करणें सोपें होतें. मनुष्यजात पहिल्यापासून या वर्षावाखालींच वाढली आहे, आणि मूळ किरणांचा मारा आपल्या डोक्यावरची हवा बराचसा झेलून घेते. पुतण्याच्या प्रश्नाचें पुरतें उत्तर मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ जगांतील मोठमोठ्या पंडितांसहि देतां आलेलें नाहीं. अलीकडे तें थोडेंबहुत मिळूं लागलें आहे, आणि त्यांत मुंबईच्या मंडळींचा जो हात आहे तो आपल्या घरोघरीं माहीत असावा तितका नाहीं, असें आम्हांस वाटतें.

७ ऑगस्ट १९१२ या दिवशीं ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस हे बलूनमध्यें बसून ५,३०० मीटर उंचीवर गेले. बरोबर हवेचें विद्युद्वहन मोजणारीं उपकरणें होतीं. त्या काळीं समजूत अशी होती कीं, हवेंत विजेचा जो अल्प अंश सदैव आढळतो तो जमिनींतील रेडियमसारख्या द्रव्यांमुळें. तसें असतें तर वर जातां जातां तो कमी व्हावयास हवा होता, झालें उलटें. कांहीं अंतरानंतर तो वाढत चालला, व शेवटीं जमिनीवरच्यापेक्षां कितीतरी अधिक भरला. कांहीं तरी वरून येत आहे, एवढें निश्चित झालें. हेस यांस त्याबद्दल १९३६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या किरणांस आज रूढ असलेलें नांव अमेरिकेचे मिलिकन यांनीं दिलें. तें नांव टिकलें, पण त्यांचें मत टिकलें नाहीं. हे किरण प्रकाशाच्याच जातीचे, म्हणजे अतितीव्र गॅमा किरण आहेत, असा त्यांचा आग्रह होता. डच शास्त्रज्ञ क्ले हे १९२७ च्या सुमारास हॉलंड आणि जावा यांच्या दरम्यान आगबोटीनें प्रवास करीत असतां उपकरण जवळ बाळगून होते. त्यांस असें दिसलें कीं, विषुववृत्ताजवळ येतां येतां किरणांचा मारा मंदावतो. पुढें कॉम्प्टन यांनीं पृथ्वीवर ठिकठिकाणीं मोजमापें करवून हीच गोष्ट पक्की केली. प्रकाशाच्या किरणास पृथ्वीच्या चुंबकत्वाचें कांहींच सोयरसुतक नसतें. तो उत्तरेस आणि विषुववृत्ताशीं सारखाच पडेल. ज्या अर्थीं या किरणांस पृथ्वीचें चुंबकत्व अडवितें, त्या अर्थीं ते विद्युद्भारयुक्त कण असले पाहिजेत. आज आपणांस माहीत आहे कीं, दर शंभरांत नव्वदांच्या आसपास प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे गाभे. उरलेल्यांत बहुतेक हेलियमचे, आणि फार थोडे कार्बन, ऑक्सिजन, लोखंड अशा जड द्रव्यांचे गाभे व इलेक्ट्रॉन.

आमच्या कोंकणपट्टीचा या गोष्टीशीं एक जुना संबंध आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेतलीं जात. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्या विजेनें सुया बिघडतील या भीतीनें नानाभाई मूस यांनीं तें काम खाडीपलीकडे अलिबागेस हलविलें. १९०४ पासून अलिबागेची चुंबकीय वेधशाळा आहे; तिच्या इमारतींत लोखंडाचा खिळाहि वापरलेला नाहीं असें तिचें वर्णन करितात. तेथें मिळणारें पृथ्वीचें चुंबकबल सुमारें चार दशांश गाऊस आहे. एवढेंसें बल, पण तें पृथ्वीच्या भोंवतीं हजारों मैल पसरलेलें. त्यामुळें आमच्या अक्षांशांवर सरळ वरून येणाऱ्या प्रोटॉनापाशीं सुमारें दीड हजार कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक शक्ति असल्यावांचून त्यास हवेच्या माथ्यापर्यंत पोंचतांच येत नाहीं. युरोपांतल्या आकाशांत जो गलबला चालतो त्यांतले दुबळे कण आमच्याकडे आपोआप गाळले जातात. विश्वकिरणांचा अभ्यास हिंदुस्थानांत बसून करण्यांत जें विशेष स्वारस्य होतें तें यामुळें, आणि होमी भाभा यांनीं १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापून ती त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस पेडर रोडवरील एका बंगल्यांत आणली, तेव्हां तेथें आरंभींच हाती घेतलेल्या विषयांत विश्वकिरण हा एक मुख्य होता.

असो. आतां पृथ्वी सोडून दूर जाऊं.

ज्या आकाशगंगेंत आपला सूर्य आहे ती सुमारें एक लक्ष प्रकाशवर्षें रुंद आणि हजारेक प्रकाशवर्षें जाड अशी चपटी चकती आहे. तिच्यांत तारे आहेत, धूळ आहे, अत्यंत विरळ असा वायु आहे, आणि सर्वत्र एक मंद चुंबकक्षेत्र पसरलेलें आहे. १९४९ सालीं हिल्टनर आणि हॉल यांस असें आढळलें कीं, दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश एका विशिष्ट दिशेनें कंप पावत आपल्याकडे येतो. धुळीचे कण चुंबकाच्या ओढीनें एका रांगेंत उभे राहिल्याखेरीज असें घडणार नाहीं. त्याच वर्षीं फर्मी यांनीं विश्वकिरण या क्षेत्रांत कसे भटकत असतील याची उपपत्ति मांडली. या क्षेत्राचें बल अलिबागेच्या बलाच्या एक लक्षांश इतकेंच. अशा ठिकाणीं होकायंत्र नेलें तर सुई उत्तर कोणतीकडे म्हणून विचारावयास जागेवरच थांबेल. इलेक्ट्रॉन मात्र तिच्याहून हलके. ते या क्षेत्रांत गिरक्या घेतात व गिरक्या घेतां घेतां रेडिओ लहरी सोडतात. जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेनें उभारलेल्या, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या दुर्बिणीस अशा लहरी ऐकूं येतात. एकादशीस आळंदीहून परततांना वाट वांकडी करून ज्यांनीं त्या तबकड्या पाहिल्या असतील, त्यांनीं आकाशगंगेचें चुंबकत्व ऐकणारे कान पाहिले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

बल थोडें म्हणून परिणाम थोडा असें समजूं नये. साधारण शंभर कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचा प्रोटॉन घेतला, तर या मंद क्षेत्रांत तो सुमारें एक कोटी किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळांत फिरूं लागतो. पृथ्वीपासून सूर्य पंधरा कोटी किलोमीटरांवर आहे, व सर्वांत जवळचा दुसरा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. म्हणजे आकाशगंगेच्या मानानें पाहतां हें वर्तुळ एखाद्या टिंबासारखें. कण चुंबकाच्या रेषेला धरून, मळसूत्रासारखा फिरत पुढें सरकतो. पण त्या रेषाच गुंतवळीसारख्या झालेल्या, जागोजाग वळलेल्या आणि थरथरणाऱ्या. तेथें तो कांहीं अंतर जातो, अडतो, उलटतो, दुसऱ्या रेषेवर चढतो. नवरात्रांत जीवदानीच्या पायऱ्यांवर आईचा हात सुटलेलें मूल लोटालोटींत जसें चार पायऱ्या वर, दोन खालीं, पुन्हां एक वर असें जातें, आणि शेवटीं आपणांस सांपडतें तेव्हां तें कोणत्या बाजूनें आलें हें त्याच्या तोंडाकडे पाहून सांगतां येत नाहीं, तसेंच हें. सरळ जाणारा प्रकाश ज्या चकतीची जाडी हजार वर्षांत ओलांडतो, तींत हा कण कोट्यवधि वर्षें घुटमळतो. आपल्या तळहातावर पडणारे किरण सर्व दिशांनीं जवळजवळ सारखेच येतात, त्याचें कारण हेंच. त्यांची आलेली दिशा ही केवळ शेवटच्या वळणाची दिशा होय.

मग उगमाची गोष्ट दूरच राहो, निदान मधल्या प्रवासाची तरी माहिती मिळवावी कशी? येथें १९६७ सालीं मुंबईंत झालेलें एक काम सांगितलें पाहिजे.

लिथियम, बेरिलियम व बोरॉन हीं तीन मूलद्रव्यें ताऱ्यांत फारशीं टिकत नाहींत. तेथील उष्णतेंत तीं जळून जातात. म्हणून सूर्यमालेंत तीं अगदीं दुर्मिळ आहेत. पण विश्वकिरणांत त्यांचें प्रमाण त्याहून लाख पट, कोठें त्याहूनहि अधिक आहे! तीं आलीं कोठून? तर कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे गाभे वाटेंतील वायूच्या परमाणूंवर आपटून फुटतात, त्यांचे हे तुकडे. तुकडे किती झाले हें मोजलें म्हणजे मूळ कणांनीं वाटेंत किती द्रव्य ओलांडलें हें निघतें. उत्तर मोठें गमतीचें आहे: सुमारें चार बोटें खोल पाण्यांत जितकें द्रव्य असतें तितकें. कोट्यवधि वर्षांचा प्रवास, आणि एकंदर अडथळा आपल्या पूजेच्या ताम्हनांतल्या पाण्यापेक्षां फार मोठा नाहीं.

पण या चार बोटांच्या पलीकडे एक अडचण होती. सर्वच कणांनीं बरोबर तेवढेंच द्रव्य ओलांडलें असें धरिलें, तर हिशेब जुळत नाहीं. लोखंडाचे मोठे गाभे तर एवढ्या द्रव्यांत बहुतेक फुटून जावयास हवेत, पण ते पुष्कळ शिल्लक दिसतात. टाटा संस्थेंतील रामनाथ कौशिक, यश पाल, एस. एन. टंडन व आर. पी. वर्मा या चौघांनीं त्या वर्षीं अमेरिकेच्या 'फिजिकल रिव्ह्यू' मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत समजावयास वसईकराला फार कष्ट नकोत, कारण आमच्या वाड्यांतून अजून कांहीं बावखलें शिल्लक आहेत. बावखलांत पावसाचें व झऱ्याचें पाणी येत असतें; पूर्वीं रहाटानें उपसलें जाई, तळाशीं झिरपे, उन्हानें उडे. आतां त्यांतून एक तांब्या पाणी काढून विचारलें कीं, हें पाणी किती दिवसांचें? तर एक उत्तर नाहीं. कांहीं थेंब कालचे, कांहीं गेल्या महिन्याचे, थोडे गेल्या पावसाळ्याचे. ताज्यांची संख्या अधिक आणि जुन्यांची ठराविक प्रमाणानें कमी कमी होत गेलेली. नळाची गोष्ट निराळी. नळांतून येणारा प्रत्येक थेंब सारखाच वेळ घेऊन येतो. आकाशगंगा ही विश्वकिरणांपुरती नळ नसून बावखल आहे. कण आंत भटकतो, कांठाशीं येतो, बहुधा परत फिरतो, व कधींतरी एकदां निसटून जातो. असें धरिलें कीं जड आणि हलके दोन्ही गाभ्यांचा मेळ बसतो. जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत या कल्पनेस पुढें 'गळकी पेटी' असें नांव पडलें, आणि आजहि विद्यार्थी विश्वकिरणांचा पहिला हिशेब या पेटीपासूनच शिकतात. चौघांपैकीं यश पाल यांस 'टर्निंग पॉइंट' कार्यक्रमामुळें दूरदर्शनवर पुष्कळांनीं पाहिलें असेल; पण या निबंधाविषयीं मराठींत दोन ओळीहि आमच्या वाचनांत आल्या नाहींत.

पेटींत कण किती काळ राहतो, याचें घड्याळहि त्याच तुकड्यांत सांपडलें. बेरिलियमचा एक प्रकार सुमारें चौदा लक्ष वर्षांत निम्मा नाश पावतो. १९७७ सालीं शिकागोच्या संशोधकांनीं उपग्रहावरील यंत्रानें तो मोजला, तों बहुतेक नाहींसा झालेला! त्यावरून प्रवासाचा काळ दीड कोटी वर्षांच्या घरांत ठरला. पण इतका काळ चकतींतल्या वायूंतूनच हिंडत राहिले असते, तर चार बोटांऐवजीं त्याच्या कितीतरी पट द्रव्य ओलांडलें गेलें असतें. म्हणजे हे कण घराच्या माजघरांत थोडा वेळ आणि भोंवतालच्या मोकळ्या अंगणांत पुष्कळ वेळ काढतात. चकतीच्या वरखालीं दूरवर पसरलेलें एक विरळ वेष्टण आहे, त्यांत त्यांचा बराचसा काळ जातो.

इतकें होऊनहि पुतण्याचा प्रश्न जेथल्या तेथेंच आहे, हें चतुर वाचकांच्या लक्षांत आलें असेल. प्रवास कळला, गांव कळलें नाहीं.

गांव सांगणारा साक्षीदार विश्वकिरणांतून नव्हे, त्यांच्या अपघातांतून मिळाला. वेगवान प्रोटॉन वाटेंतील हायड्रोजनच्या गाभ्यावर आदळला म्हणजे त्या आघातांतून कधीं कधीं पायॉन नांवाचा एक विद्युद्भारहीन कण जन्मतो. एका सेकंदाचे एक कोटी भाग करावे, त्यांतल्या एकाचे पुन्हां एक कोटी, आणि त्याचेहि शंभर; एवढा एक भाग हें या बाळाचें सुमारें आयुष्य. मरतांना तो दोन गॅमा किरण मागें ठेवतो. हे गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, पण डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाहून कोट्यवधि पट तीव्र. आणि प्रकाश असल्यामुळें चुंबकाला न जुमानतां सरळ रेषेंत येणारा. मिलिकन यांनीं विश्वकिरणांनाच गॅमा किरण मानलें ती चूक. पण ज्या गुणावर त्यांनीं विश्वास ठेवला तो गुण शेवटीं उपयोगीं पडला. जपानच्या हायाकावा यांनीं १९५२ सालींच असे किरण आकाशगंगेंतून येत असले पाहिजेत असें भाकीत केलें होतें. मुंबईचा निबंध छापला गेला त्याच १९६७ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या एका उपग्रहानें सोळा महिन्यांच्या सुमारास अवघे ६२१ गॅमा किरण टिपले, व त्यांतले दाट आकाशगंगेच्या पट्ट्यांतून आलेले निघाले. आपण रात्रीं जो दुधाळ पट्टा पाहतों, तोच गॅमा किरणांतहि उजळलेला आहे. कारण वायु तेथें दाट, म्हणून आघातहि तेथें अधिक.

यांत एक खोंच आहे, ती सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. गॅमा किरण जेथें आघात झाला ती जागा दाखवितो, प्रोटॉन जेथें जन्मला ती नव्हे. शिवाय वेगवान इलेक्ट्रॉनहि दुसऱ्या रीतीनें गॅमा किरण उत्पन्न करूं शकतात. तेव्हां एखाद्या जुन्या स्फोट पावलेल्या ताऱ्याच्या अवशेषांतून गॅमा किरण येतात एवढ्यावरून तेथें प्रोटॉन घडले असें म्हणतां येत नाहीं. साक्षीदार खरा, पण तो कोणाचा हें ठरावयाचें राहतें. पायॉनाची मात्र एक ओळख आहे. तो स्थिर असतां मेला तर दोन्ही किरणांस बरोबर पावणेसात कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्ति मिळते. त्यामुळें पायॉनांपासून आलेल्या गॅमा किरणांची संख्या कमी शक्तीच्या बाजूस एका ठिकाणीं एकाएकीं घसरते. इलेक्ट्रॉनांच्या किरणांत ही घसरण तशी होत नाहीं. २००८ सालीं सोडलेल्या 'फर्मी' उपग्रहानें चार वर्षें वेध घेतल्यावर २०१३ च्या फेब्रुवारींत त्या घसरणीची खात्री झाली. मिथुन राशींतील आय. सी. ४४३ आणि गरुड राशींतील डब्ल्यू ४४ अशा दोन मृत ताऱ्यांच्या अवशेषांत ती सांपडली. स्फोटाची लाट शेजारच्या वायूच्या मेघावर आपटत आहे, आणि तेथेंच प्रोटॉन वेग घेत आहेत. घंटेवरचा क्रूस दिसला, तो असा.

यावर समाधान मानून लेख संपवितां आला असता, पण तसें करणें बरोबर नव्हे. त्या दोन अवशेषांत घडणारे प्रोटॉन फार मोठ्या शक्तीचे नाहींत. त्यांच्याहून कितीतरी पट बळकट असे किरणहि आकाशगंगेंतच घडत असले पाहिजेत, आणि ते कोण घडवितो यावर अजून वाद आहे. चीनमधील पर्वतावरच्या एका विस्तीर्ण वेधशाळेनें २०२१ सालीं बारा ठिकाणांहून अतिबलवान गॅमा किरण येत असल्याचें सांगितलें; त्यांतला सर्वांत मोठा हंस राशीच्या बाजूचा होता. त्यांत स्फोट पावलेले तारे किती, गरगरणारे न्यूट्रॉन तारे किती, आणि तरुण ताऱ्यांचे घोळके किती, याची वांटणी चालू आहे.

असे तीव्र गॅमा किरण हवेंत शिरले कीं निळसर प्रकाशाचा एक झपाटा उत्पन्न होतो. तो सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा लागतो. तो टिपण्यासाठीं टाटा संस्थेनें पंचमढीस व भाभा अणुसंशोधन केंद्रानें अबूच्या पहाडावर दुर्बिणी उभारल्या. आणि तुर्भ्याच्या त्याच केंद्रानें लडाखांत हानले येथें, सुमारें ४,३०० मीटर उंचीवर, २१ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण बांधली, तिचें उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजीं झालें. मुंबईच्या मंडळींना आकाश पाहण्यासाठीं इतकें दूर जावें लागतें, यांत नवल कांहीं नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत पुतण्यास घेऊन आम्ही अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलों होतों. समुद्राकडे पाठ करून उभें राहिलें कीं समोर जीवदानीचा डोंगर व त्यावरचे दिवे दिसतात. रात्रीं नऊच्या सुमारास त्याच्या डाव्या अंगास पुनर्वसूच्या दोन तारा वर आल्या होत्या, आणि त्यांच्या वर, उजवीकडे, आर्द्रा तांबूस चमकत होती. त्या दोहोंच्या दरम्यान मिथुनाच्या पायांपाशीं पांच हजार प्रकाशवर्षांवर तो अवशेष आहे, असें आम्हीं सांगितलें. विरारच्या दिव्यांनीं तेथील आकाश इतकें फिकट झालें होतें कीं पायांतली बारीक चांदणीहि दिसेना. पुतण्यानें हात लांब करून बोटानें जागा नेमकी करून घेतली, दोनतीनदां विचारून खात्री केली, आणि मग तळहात तसाच उताणा धरून तो मोजूं लागला.